आप्पांच्या गाडीला दिवे बसवताना

तुमच्यापैकीच कुणीतरी दौंडभर सांगत सुटलंय, की आम्ही शिकलीसवरलेली माणसं वर्षभर एका खटारा गाडीच्या दिव्यांशी खेळत बसलो. तेही दुष्काळाची धूळ अजून खाली बसलेली नसताना! नाव घेत नाही. ज्यानं सांगितलं त्याला बरोबर कळेल. पण मित्रा, अर्धीच गोष्ट ऐकलीस आणि पुरी सांगितलीस. उरलेली आता मी सांगतो. आप्पांनीच परवानगी दिली आहे. म्हणाले, "लिही आता. आता काय लपवायचं?"

आमच्या गॅरेजात एखादी गाडी उघडून परत जोडली, की दोन-चार नट उरतातच. कुठले ते कुणालाच आठवत नाही. मामा ते वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकतात. या गाडीच्या गोष्टी तशाच उरल्यात. डबा भरला, म्हणून ओततो.

मामा म्हणजे गॅरेजचे मालक. त्यांचे वडील मेंढरं राखायचे, मामांनी मेंढरं सोडून बॅटऱ्या धरल्या. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलो आणि नोकरीचे अर्ज फाडून त्यांच्याकडे लागलो. पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामा, माणसानं बनवलेलं यंत्र माणसाला सुधारता आलंच पाहिजे, आणि ते दौंडात आलं पाहिजे!"

मामा म्हणाले, "व्हय व्हय. आधी तो पाना दे."

तेव्हापासून माझं नाव बीएस्सी.

* * *

आप्पा म्हणजे रिटायर्ड मेल ड्रायव्हर. इंजिनात कोळसा ओढण्यापासून सुरुवात करून मेल गाडीपर्यंत पोचलेले. बौद्ध वस्तीतलं पहिलं दुमजली घर त्यांचं. गाव विचारलं, की म्हणायचे, "माझं गाव रेल्वे!"

रिटायर झाले आणि त्यांनी लिलावात एक गाडी घेतली. कुणा गोऱ्या साहेबानं जाताना इथंच सोडलेली, पंचवीस वर्षं लिंबाखाली उभी. दोनच सीटं, टप नाही, लांब नाक आणि पुढं पातेल्यांएवढे दोन दिवे. इंजिन आप्पांनी स्वतः चालू केलं होतं. आमच्याकडे एकच मागणी घेऊन आले.

"दिव्यांचा उजेड वाढवून द्या. सांजच्याला रस्ता दिसंना."

मामांनी दिवे लावून पाहिले. पातेल्याएवढा दिवा आणि निरांजनाएवढा उजेड! मामा म्हणाले, "आप्पा, ह्या उजेडात साहेबाला शेजारची मेम तरी दिसत हुती का?"

मग मामांनी जाड वायरी टाकल्या, नवे बल्ब आणवले, ताजी बॅटरी जोडली. मामांचा हात ट्रकांवर बसलेला. ट्रकात बॅटरीची मायनसची वायर गाडीच्या बॉडीला लावतात, तशी यांनी इथं लावली. बॉनेटखालून धुराचा लोट! मी वाकून पाहिलं, तर आत पितळी पट्टीवर चक्क इंग्रजीत लिहिलेलं, की प्लस बॉडीला जोडा.

"मामा, अहो इथं लिहिलंय! या गाडीचं उलटं आहे!"

"मग आधी वाचायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही विचारलं का?"

मामा धुराकडे बघत म्हणाले, "साहेब जाऊन पंचवीस वर्षं झाली. म्हटलं, आता तरी गाडी सुलटी झाली आसंल!"

* * *

उजेड कमी का, तर दिव्याच्या आतली पितळी वाटी काळी पडली होती. तिच्यावरची चांदी उडालेली. मी गॅरेजच्या फरशीवर खडूनं आकृती काढून अर्धा तास समजावलं. वाटीचा आकार साधासुधा नसतो. बल्ब बरोबर एका बिंदूत ठेवला, तर सगळे किरण सरळ रेषेत बाहेर पडतात. आकार केसाएवढा जरी बदलला, तरी खेळ खलास! मामा मान हलवत होते. मला वाटलं, कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सामान आणायला शिरूरला गेलो. संध्याकाळी परत येतो, तर दोन्ही वाट्या पांढऱ्याशुभ्र!

"मामा, हे काय केलं?"

"कल्हई लावून आणली! पितळंचंच भांडं हाय की. आन् कडंला जरा फुगलं हुतं, ते बी ठोकून सरळ करून घेतलं."

मी खालीच बसलो. ज्या फुगवट्यासाठी मी अर्धा तास घसा कोरडा केला, तो ठोकून सरळ! दिवा लावला, तर भिंतीवर दूध सांडल्यासारखा उजेड. सगळीकडे आणि कुठेच नाही.

कल्हईवाला काम बघायला मुद्दाम आला होता. माझा चेहरा बघून त्याला वाटलं, मला शंका आहे. छातीवर हात ठेवून म्हणाला, "बिनघोर राहा साहेब! ह्याच्यात दोन दिवस ताक ठेवा. कळकलं, तर नाव बदलीन!"

* * *

मी गणित करून पुठ्ठ्याचा साचा कापला. मामांनी आठ दिवस लाकडी हातोडीनं ठोकून वाट्या पुन्हा आकारात आणल्या. हे मात्र मान्य केलं पाहिजे, की असा हात मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिला नाही. आता चांदीचा मुलामा हवा होता. पुण्यातला कारागीर देवांचे मुखवटे करायचा. त्यानं निरोप दिला, चांदी तुमची आणा.

आप्पांची बायको, माई, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, घरी गेल्या आणि फडक्यात बांधून पायातले तोडे घेऊन आल्या.

"चांदीच लागती न्हवं?"

मला धक्काच बसला. मी म्हणालो, "माई, हे मी घेणार नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या हौसेपायी बाईनं दागिना मोडायचा? माझ्या तत्त्वात बसत नाही!"

आप्पा खाली मान घालून बसलेले. माईंनी फडकं माझ्या पुढ्यात सोडलं.

"बाळा, परवा चौकात भाषण कुणी केलं? बाईच्या अंगावरचा दागिना म्हंजी बेडी, आसं कोण म्हनलं? मी पहिल्या वळीत बसले हुते. माझी बेडी मी काढली, तर तूच आडवा येतूस व्हय?"

मामांनी तोंड बॉनेटमध्ये घातलं. हसत होते की काय, मला दिसलं नाही.

* * *

कारागिरानं आधी एकच वाटी करून दिली. दुसरीला आठ दिवस थांबा म्हणाला, मध्ये कुठल्याशा देवीचं काम आलं होतं. आप्पांना कुठला धीर! एकाच दिव्यावर चाचणी घ्यायची ठरली. बल्ब लावला आणि माईंच्या तोड्यांनी असा काही उजेड फेकला, की समोरच्या वखारीवरची पाटी दिवसासारखी वाचता आली.

दिवेलागणीला निघालो. आप्पा चालवणार, मी शेजारी. आता आप्पांची एक रीत सांगितली पाहिजे. इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन सिग्नल पाहून एकमेकांना मोठ्यानं सांगतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. आप्पांनी ती रीत गाडीतही ठेवली होती. शेजारी बसेल त्यानं पुकारायचं.

"पुढं?"

"मोकळं!"

"मोकळं! डावीकडं?"

"बैलगाडी!"

"बैलगाडी!"

मला हे फार आवडायचं. म्हटलं, शिस्त म्हणावी ती ही! देशातल्या प्रत्येक ऑफिसात असं पुकारलं, तर निम्मे घोटाळे बंद होतील.

गावाबाहेर रस्ता मैलभर रुळांना चिकटून जातो आणि मग फाटकापाशी रूळ ओलांडतो. आम्ही पोचलो, तर फाटक बंद. दोन्ही बाजूंना ट्रक, बैलगाड्या, सायकली तटलेल्या. आणि गेटमन खाकी टोपी नीट करून, हिरवा कंदील हातात धरून, ताठ उभा!

"आप्पा, तुम्ही? मला वाटलं, इस्पेशल आली!"

आप्पा खवळले. "स्टेशनातनं फोन आलता का तुला?"

"न्हाई."

"मग गेट पाडलंस कसं?"

"दिवा बघून! आसा एकुलता एक दिवा इंजनालाच आसतो, आप्पा!"

मागून ट्रकवाल्यांच्या शिव्या सुरू झाल्या. गेटमन रडकुंडीला आला. "आता रजिस्टरात काय लिहू? गाडी आली, आन् रस्त्यानं निघून गेली?"

* * *

दोन्ही दिवे लागले, त्याच आठवड्यातली गोष्ट. पाटसच्या रस्त्यावर, सूर्य नुकताच बुडालेला. समोरून एसटी आली. आप्पांनी खटका दाबला आणि आमचे दिवे संपूर्ण बंद! मंद नाही, बंद!

"आप्पा! दिवे!"

"रूल हाय. समोरनं गाडी आली, की हेडलाइट मारायचा न्हाई."

"अहो, तो रुळांवर! तिथं गाडी आपोआप बाजूनं जाते!"

एसटी वीतभर अंतरावरून गेली. तिच्या पत्र्याचा वारा माझ्या गालाला लागला. पुढं जाऊन ती करकचून थांबली. आता ड्रायव्हर उतरून आम्हाला बडवणार, अशी माझी खात्री. त्यानं फक्त मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडला, "आप्पा, पाया पडतो, रुळावर जावा की परत!"

आप्पांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "समोरच्याचे डोळे दिपवू नयेत, बीएस्सी. डोळा लई मोठी गोष्ट हाय."

मी चिडलो होतो. मी ऐकलं, पण लक्ष दिलं नाही.

* * *

महिन्यातून एकदा गाड्या तपासायला इन्स्पेक्टर येतात. शाळेमागच्या मैदानात आम्ही गाडी उभी केली. मामांनी फडक्यानं दिवे पुसले. इन्स्पेक्टरनं गाडीला एक फेरी घातली आणि म्हणाले, "दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करा."

"काय?"

"काळा. समोरच्याच्या डोळ्यांवर येतो."

तुम्ही म्हणाल, नियमच आहे, सगळ्या ट्रकांना असतो. असतो! पण आम्ही आठ दिवस हातोडी चालवली होती. एका बाईचे तोडे त्यात गेले होते! मी खडू काढला. किरण कुठून कसा जातो, अर्धी काच झाकली तर काय होतं, सगळं मैदानातल्या दगडावर काढून दाखवलं.

इन्स्पेक्टरनं शांतपणे ऐकून घेतलं. "फिजिक्स कुठं शिकलात?"

"पुण्याला."

"मग ते तिथं राहू द्या. इथं काळा रंग लावा."

मामांनी माझ्यादेखत ब्रश फिरवला. मग आप्पांच्या लायसनची पाळी आली. इन्स्पेक्टर म्हणाले, "आजोबा, त्या समोरच्या ट्रकचा नंबर वाचा बघू."

आप्पा ताठ उभे राहिले. "नंबर?"

शेजारी उभे असलेले मामा खड्या आवाजात नंबर बोलले. लगेच आप्पा तोच नंबर खड्या आवाजात बोलले. इन्स्पेक्टर पोट धरून हसले. "रेल्वेचा माणूस! एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं म्हणायचं!" आणि कागदावर शिक्का मारला.

मीही हसलो. मग आप्पांनी आभार मानायला हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "लई उपकार झाले, साहेब!"

साहेब केव्हाच पुढच्या ट्रककडे गेले होते. आप्पा पाण्याच्या पिंपाला नमस्कार करत होते.

माझं हसू तिथंच थांबलं.

* * *

"तुला आज कळलं व्हय?" मामा म्हणाले. "आरं, वर्सभर आम्ही पुढं मोकळं, डावीकडं बैलगाडी वरडतुया, ते काय हौस म्हणून?"

आप्पांना काचबिंदू होता. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही. एसटी समोरून आली तेव्हा बरंच दिसत होतं. त्यानंतर कडेचं सगळं गेलं. समोर मधोमध नळीतून पाहिल्यासारखं थोडं उरलेलं, तेही भरपूर उजेड असला तर. मामांना माहीत होतं, माईंना माहीत होतं, त्या गेटमनलाही आता माहीत होतं! माहीत नव्हतं ते मला, ज्यानं उजेडाची गणितं केली.

मी तडक आप्पांच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातूनच ओरडलो. "आप्पा, गाडीची किल्ली द्या! रस्त्यावर माणसं असतात, पोरं असतात. उद्या कुणी चाकाखाली आलं तर? तुम्ही असं कसं करू शकता?"

मला वाटलं, भांडतील. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"खरं हाय तुझं. घे. फकस्त एक डाव चालवायची हाय. दोनशे पावलं."

"कुठं?"

"माझ्या गावात. वेशीपासनं आमच्या वस्तीपर्यंत. दिवे लागायच्या टायमाला, शेतावरनं सगळी घरी आलेली आसतात तवा. शेजारी ही बसंल." त्यांनी माईंकडे मान वळवली, पण जरा चुकीच्या बाजूला.

मग म्हणाले, "माझा बाप दिवटी धरायचा. गावात कुणाची वरात निघाली, की म्होरं चालायचं, हे आमच्या घराण्याचं काम. न्हाई म्हणायची सोय नव्हती. तेल संपलं तर शिव्या, वारं आलं तर शिव्या. सगळ्यांस्नी नवरदेव दिसायचा. दिवटीवाला कुणाला दिसला न्हाई. म्हणून म्हणलं, एकदा त्या रस्त्यानं आपल्या दिव्यांच्या मागं बसून जायचं. आता न्हाई गेलो, तर मला सोताला बी दिसायचं न्हाई."

"कुठलं गाव, आप्पा?"

त्यांनी केंदूरच्या पलीकडच्या एका गावाचं नाव घेतलं.

ते माझं गाव होतं.

"माहीत हाय," आप्पा म्हणाले. "तुझ्या आज्याच्या वरातीत म्होरं माझा बापच हुता. मी तेलाची बुधली घेऊन संगं पळत हुतो. तुझा आज्यासारखा वाकडा खांदा बघितला, तवाच वळखलं, ह्यो कुणाचा ते."

दोन वर्षं! दोन वर्षं मी चौकात समतेवर भाषणं ठोकत होतो, आणि हा माणूस समोर बसून टाळ्या वाजवत होता.

मी किल्ली खिशात ठेवली. म्हणालो, "पहिला गिअर. माणसाच्या चालीनं. आणि मी पुढं चालणार."

आप्पांनी जरा विचार केला. "पांढरा सदरा घाल. पाठीवर उजेड पडला, तर तेवढा दिसंल मला. वरडू नको मातर. मला दिसंना, ते आजच्या दिवस कुणाला कळाया नको."

* * *

तर शेवटची गोष्ट.

दौंडहून गाडी मी चालवली, आप्पा शेजारी. मामा जुन्या जीपमधून माईंना घेऊन मागं. चौफुला, न्हावरा, शिक्रापूर करत दुष्काळी कामातून झालेल्या खडीच्या रस्त्यानं वेशीबाहेर पोचलो, तेव्हा आभाळ तांबडं होतं. मी उतरलो, आप्पा सुकाणूवर बसले. माई खाली उतरल्या त्या रॉकेलचा बोळा घेऊन. दोन्ही दिव्यांवरचा काळा रंग त्यांनी पदर खोचून, घासून घासून काढला. मी त्यांना इन्स्पेक्टरचा नियम सांगणार होतो. नाही सांगितला.

माई आप्पांच्या शेजारी बसल्या. दिवे लागले.

मी चालू लागलो. मागं बघायचं नाही, मधोमध चालायचं, पाय घाईनं टाकायचे नाहीत. इंजिन पाठीमागं घुरघुरत होतं. पाठ तापल्यासारखी वाटत होती. माझी सावली माझ्यापुढं पडलेली, इतकी लांब, की वळणावर ती आमच्याच घराच्या भिंतीवर चढली. मारुतीच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. चुलीपुढच्या बाया दारात आल्या. कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर दिवटीवाल्याचा ल्योक!" आणि त्या उजेडात आप्पांचा पांढरा फेटा आणि माईंची हिरवी साडी सगळ्या गावाला दिसत असणार, असं मला समोरच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. माझे वडील ओट्यावर बसले होते. तेही उठले. कशासाठी उठले, ते मी अजून विचारलेलं नाही.

एकशे नव्वद पावलं झाली असतील. वस्तीचा निळा झेंडा दिसायला लागला. तेवढ्यात पिठाच्या गिरणीतून गिरणीवाले गेनूभाऊ बाहेर आले. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे. त्यांनी गाडी पाहिली, आप्पांना पाहिलं, माईंना पाहिलं. मग माझ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आरं, एवढे दोन दिवे हायेत की गाडीला! मग तू रं कशाला म्होरं चालतूयास?"